वेलप्पनच्या कुलपामागे

आरन्मुळा गावात वेलप्पनसारखा धातूचा आरसा ओतणारा नव्हता, आणि त्याच्याइतका संशयीही कुणी नव्हता. तांब्यात कथील किती, हे माप त्याच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे जायचं. लेकी परक्या घरी जाणाऱ्या, म्हणून त्यांना सांगत नसत. मुलगा आखातात गाडी चालवायला गेला आणि ते माप म्हाताऱ्याच्या पोटात अडकून राहिलं.

सून वत्सला मान्नारची. तिच्या भावाची तिथं कांशाची भट्टी होती. तो केळ्याचे वेफर घेऊन भेटायला आला, की तो जाईपर्यंत वेलप्पन ओसरीवरून हलत नसे.

कथील तोलून, खोलीला कुलूप लावून, किल्ली देवघरात ठेवून तो पंपा नदीवर अंघोळीला जायचा. मग भट्टी पेटवायचा. विषूच्या सणानंतर त्याला काहीतरी खटकू लागलं. तागडी सरकलेली असायची. एकदा त्यानं साच्याची बारीक माती उंबऱ्याआत भुरभुरली. परत येऊन पाहतो तर पावलं उमटलेली, बाईची.

पुढच्या खेपेला एका नवरीच्या मंगळथाळीतला आरसा ओतायचा होता. वेलप्पन घाटाच्या अर्ध्या वाटेवरून परतला. वत्सला तागडीतून कथलाचा तुकडा काढत होती.

"मान्नारला किती पोचवलंस?"

तिनं तुकडा खाली ठेवला. "अच्छन," ती सासऱ्याला म्हणाली, "तुम्हाला आता काटा दिसत नाही. कथील जास्त पडतं. गेल्या वर्षी नवांतले सात तडकले. विषूपासून किती तडकले?"

एकही नाही. ते श्रेय त्यानं देवाला देऊन टाकलं होतं.

माप कुणी शिकवलं, म्हणून त्यानं दरडावलं. कुणीच नाही, असं ती म्हणाली. अकरा वर्षं आरसे घासणारी तीच आणि फुटके तुकडे वेचणारीही तीच. तुटल्या कडेचा रंग बघून काय जास्त झालं ते तिला कळू लागलं होतं.

"आणि भावाला?"

"त्याला सांगायचं असतं तर इथं काजळी खात राहिले असते का मी?"

वेलप्पन त्या दुपारी जेवला नाही. पण भट्टी पेटवली, ती तिनं तोललेल्या धातूवर. आठवड्यानं, घासून झाल्यावर, त्यानं आरशाला बोट टेकवलं. बोट आणि प्रतिबिंब यांत काचेच्या आरशात राहते तशी केसाइतकीही फट नव्हती; अस्सल धातूच्या आरशाची हीच खूण.

त्यानंतर कथील वत्सलाच तोलू लागली. वेलप्पन दाराला पाठ लावून बसायचा, तिच्या हातांवरची नजर न काढता. आणि मान्नारहून भाऊ आला, की बहीणभावाच्या मध्ये पाट टाकून बसायचा.