जीपच्या पोटातली हळद

आमची जीप तापते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. नांदेडहून लातूरला लेकीकडे निघालो की लोह्यापर्यंत ती शहाण्यासारखी चालायची. मग काटा वर सरकायचा, आणि अहमदपूरला हे गाडी झाडाखाली लावून बॉनेट उघडायचे. ती निवेपर्यंत आमचा चहा आणि भजी. पंचवीस वर्षं हेच.

गेल्या महिन्यात मुलानं फर्मान काढलं, "बाबा, इंजिन संपलंय. उद्या भंगारवाला येतोय." हे उठले. फडकं घेऊन बाहेर गेले आणि सकाळीच पुसलेली काच पुन्हा पुसत बसले. ते मला बघवेना. कारण जीप का तापते, याचा मला पहिल्यापासून दाट संशय होता.

पंचवीस वर्षांपूर्वी मी बेचाळिशीची, शाळेत विज्ञान शिकवणारी आणि नुकतीच गाडी शिकलेली. म्हणजे शहाणपण नुसतं उतू चाललेलं. हे परगावी होते आणि रेडिएटर थेंबथेंब गळत होतं. शेजारच्या ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं, "ताई, पाण्यात चिमूटभर हळद टाका, भोक बुजतंय." चिमटीनं जेमतेम पातेलीभर वरण पिवळं होतं, एवढ्या धुडाचं काय होणार, असा शास्त्रीय विचार करून बाईंनी अख्खी वाटी ओतली. वर आणखी एक, वसमतची ताजी हळद होती म्हणून. गळती थांबली. हे आल्यावर "मिस्त्रीशिवाय दुरुस्त केली" एवढंच मी मिरवलं.

आठवड्यानं काटा चढायला लागला. मी वर्गात उष्णतेचं वहन शिकवत होते आणि घरी तोंड मिटून बसत होते. जो मिस्त्री येई तो पट्टा बदले, पंखा बदले आणि जाताना यांच्या चालवण्याला नावं ठेवी. हे मुकाट ऐकून घेत. मीही.

भंगारवाला यायच्या आत मी ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावून घेतलं. त्यांनी पाणी बघितलं, पंखा बघितला, इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. मग रेडिएटरच्या वरच्या पाइपला बोट लावून झटक्यात मागं घेतलं, आणि खालचा पाइप मात्र मुठीत धरून उभे राहिले.

"वरचा धरवंना, अन् खालचा गार हाय. पाणी खाली उतरूनच नाही राहिलं. इंजिन लई चांगलं हाय, मावशी, रेडिएटर तुंबलंय. कशानं, ते खोलल्यावर कळंल."

"खोलायच्या आधीच सांगते," मी म्हणाले. "हळदीनं."

मुलानं विचारलं, "कुणी टाकली?"

"तुझ्या आईनं. दोन वाट्या."

"दोन वाट्या?" मिस्त्री म्हणाले. "लगीन होतं का गाडीचं?"

यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "पंचवीस वर्षं मी गाडी दामटतो म्हणून लोकांची बोलणी खाल्ली."

"आणि अहमदपूरची भजी कुणामुळं खाल्लीत?"

यावर ते हसले. मोठ्यानं नाही, पण मिशी हलली. तेवढ्यानं माझ्या जिवात जीव आला.

रेडिएटर खोललं तर नळ्यांमध्ये मातकट गाळ घट्ट बसलेला. मुलानं तो बोटावर घेऊन बघितला, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन केला, "येऊ नका, गाडी द्यायची नाही."

परवा लातूरला निघालो. लोहा गेलं तरी काटा मधोमध. अहमदपूरला गाडी त्याच झाडाखाली थांबली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"पाणी बघतो," हे म्हणाले, आणि बॉनेटला हातही न लावता हॉटेलकडे चालू लागले. चार पावलं जाऊन वळले. "येतेस ना? का आधी भजीवाल्याला सांगून येऊ, भज्यात हळद बेतानं टाक म्हणून?"