पूजा झालेला लॅपटॉप

कालव्याच्या कडेची निम्म्याहून जास्त वाट संपली, तरी अस्मिताने तोंड उघडलं नव्हतं. अमेरिकेतल्या आमच्या वाळवंटी चँडलरला मे महिन्यात चालायचं तर ऊन तापायच्या आत चालून घ्यावं लागतं, म्हणून दर शनिवारी आम्ही दोघी उजाडताच निघतो. एरवी ती बोलत असते आणि मी एका कानाने ऐकत मनात रामरक्षा म्हणत असते. त्या दिवशी माझी रामरक्षा म्हणून झाली, दुसऱ्यांदा सुरू केली, तरी ही गप्पच.

"राजेशशी भांडलीस का गं?" मी विचारलं. राजेश तिचा नवरा.

"नाही हो." मग दहा-बारा पावलं गेल्यावर ती म्हणाली, "सुवर्णाताई, देवाला पुढे करून एखाद्याला गप्प बसवलं तर ते पाप लागतं का?"

"कोणी बसवलं?"

"मी. हिमानीला."

हिमानी तिची भाची, नागपूरच्या बहिणीची मुलगी. गेल्या ऑगस्टमध्ये ती पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला आली. तिकडे जाण्याआधी दोन आठवडे मावशीकडे राहिली होती. तेव्हा तिला लॅपटॉप घेऊन दिला तो अस्मितानेच.

आमच्याकडे लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की कोणीही सांगतं, "अस्मिताला विचार." हे नाव तिला फुकट मिळालेलं नाही. ती नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली तेव्हा कामाची परवानगी नव्हती. कितीतरी वर्षं घरात बसून काढली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक तिची ओळख "ही राजेशची मिसेस" अशी करून द्यायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे. परवानगी आल्यावर तिने इथल्या छोट्या कॉलेजात कोर्स केला आणि एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या विभागात लागली. नव्या माणसाला लॅपटॉप द्यायचा, बिघडला तर बघायचा, हे तिचं काम. ती लागली त्या आठवड्यात तिने केलेला गोडाचा शिरा मी अजून विसरले नाही. हळूहळू लोक तिला फोन करायला लागले. आता राजेशची ओळख "अस्मिताचे मिस्टर" अशी होते आणि तो बिचारा हसून मान डोलावतो.

मला यातलं काही कळत नव्हतं. माझं सगळं शिक्षण मराठी शाळेत, आणि कॉम्प्युटर म्हणजे मुलाने लावून दिलेला पडदा. तिनेच मला समजावलं होतं. "ताई, पडद्यावर चित्र उमटवायला एक भाग लागतो, त्याला ग्राफिक्स म्हणतात. इंटिग्रेटेड म्हणजे घरात एकच बाई. तीच स्वयंपाक करते आणि वेळ मिळेल तशी रांगोळीही काढते. डेडिकेटेड म्हणजे रांगोळीला वेगळी बाई, तिचे रंग वेगळे, तिची खोली वेगळी. पण ती बाई खाते खूप आणि घर तापवते! मशीन जड होतं, पंखा घरघरतो, बॅटरी टिकत नाही. आपल्या लोकांना कशाला हवी? ईमेल, अभ्यास, सिनेमा. एकच बाई पुरते."

आणि बहुतेकांना ती पुरतेच. तिचा सल्ला वाईट नसतो.

"पण हिमानी काय शिकते ते तुम्हाला माहीत आहे ना?" अस्मिता चालता चालता म्हणाली. "बागा, टेकड्या, पाण्याचे निचरे. सगळं आधी कॉम्प्युटरवर उभं करायचं. टेकडी करायची आणि फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवायची. म्हणजे नुसती रांगोळीच रांगोळी. पोरीने मला सांगितलं होतं, मावशी, डिपार्टमेंटने वेगळं ग्राफिक्स घ्यायला लिहिलंय. मी म्हटलं, ते सगळ्यांना तेच लिहितात. तू बर्फातून बस पकडायला पळणार, पाठीवर धोंडा घेणार का? आणि हलका घेतला. तिला विचारलंसुद्धा नाही की त्याच्यावर नेमकं करणार काय."

मग पूजेचं निघालं. ती पूजा मला आठवते, मी होते तिथे. अस्मिताने नवा लॅपटॉप देवापुढे ठेवला, ओल्या कुंकवाने झाकणावर स्वस्तिक काढलं, उघडून कीबोर्डवर हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. आपण गाडीला करतो, वह्यापुस्तकांना करतो, तसंच. हिमानीने नमस्कार केला, मावशीच्या पाया पडली. मला फार बरं वाटलं होतं.

"तिसऱ्या दिवशी तिने त्याच्यावर कॉलेजचं सॉफ्टवेअर घालून बघितलं," अस्मिता सांगत होती. "मशीन अडकलं. ती माझ्याकडे आली, अगदी हळू आवाजात म्हणाली, मावशी, हा बदलून घेता येईल का? आणि ताई, येत होता. मुदत होती. कुंकू पुसून निघालं असतं, आतल्या अक्षता झटकल्या असत्या. फार तर दुकानातल्या माणसाने चार प्रश्न विचारले असते. पण मी तिला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, पूजा झालेली वस्तू कोणी परत करतं का? अपशकुन करायचाय का सुरुवातीलाच?"

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. देवाने कधी कोणाला चूक दुरुस्त करू नकोस म्हटलंय?

"मला देवाचं काही पडलं नव्हतं हो. भाचीच्या बाबतीत अस्मिता चुकली, हे चार लोकांना कळेल एवढंच पडलं होतं. राजेश तिथेच बसला होता. तो हसला असता."

"मग आत्ता काय झालं?"

झालं असं की मागच्या आठवड्यात ही स्टेट कॉलेजला जाऊन आली. हिमानीचं वर्षाअखेरचं सादरीकरण होतं. ते सगळ्यांसाठी खुलं असतं, म्हणून ही मागे जाऊन बसली. निधी नावाची हिमानीची रूममेट शेजारी होती. ती सहज म्हणाली, "मावशी, तुमच्या लॅपटॉपवर ती फक्त ईमेल बघते. काम सगळं लॅबमध्ये, नंबर लागेल तेव्हा. आज लॅब बंद आहे, म्हणून हा तुमचाच आणलाय."

हिमानी उभी राहिली. टेकडी पडद्यावर आली. तिने ती फिरवायला घेतली आणि टेकडी अर्ध्यात थिजली. पंखा घरघरायला लागला. प्रोफेसर थांबले, सगळे थांबले. टेकडीच्या पलीकडे तिने ओढा कसा वळवला होता, ते कोणाला दिसलंच नाही.

"आणि ती काय म्हणाली असेल, ताई? इंग्लिशमध्ये म्हणाली, सॉरी, माझी तयारी कमी पडली. माझी! एका शब्दाने म्हणाली नाही की मशीन असलं आहे. मी मागे बसले होते ना. नंतर जेवायला गेलो तर मलाच म्हणते, मावशी, वजनाला मात्र छान आहे हं, पाठ अजिबात दुखत नाही."

"तू काय म्हणालीस?"

अस्मिताने मान खाली घातली. "म्हणाले, सॉफ्टवेअर अपडेट करायला हवं होतंस."

आम्ही कालव्यावरच्या पुलाशी थांबलो. मी म्हटलं, "पापाचं मला विचारू नकोस, मी कोण सांगणारी? पण ज्याला गप्प बसवलं त्याच्याशी बोलल्याशिवाय नुसता दिवा लावून काही होत नाही. फोन कर."

"आत्ता?"

"तिकडे सकाळ झालीये केव्हाच."

तिने फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. हिमानीने उचलल्या उचलल्या ही बोलायलाच लागली, मध्ये श्वाससुद्धा न घेता. "बेटा, तो लॅपटॉप बदलता येत होता. पूजेचं काही नव्हतं. मला माझी चूक कबूल करायची लाज वाटली. मी तुला खोटं सांगितलं."

हिमानी म्हणाली, "मावशी, मला माहीत होतं. मी रिटर्नचे नियम वाचले होते."

"मग बोलली का नाहीस गं?"

"आईने निघताना बजावलं होतं. मावशीच्या घरी आहेस, उलट बोलू नकोस. आणि तू किती खूश होतीस त्या दिवशी."

अस्मिता रडायला लागली. मी दुसरीकडे बघितलं.

"रडू नकोस ना यार, मावशी. प्रोफेसरांनी मला ते सादरीकरण परत एकदा करायला दिलंय. आणि मी दुसरा लॅपटॉप ऑर्डर केलाय, माझा मीच. तुला विचारलं नाही, सॉरी."

"वेगळं ग्राफिक्स आहे ना? वजन किती?"

"मावशी!" हिमानी हसली. मग म्हणाली, "एक सांगू? जूनमध्ये मंडळात कॉलेजला जाणाऱ्या मुलांना तू सांगतेस ना, कुठला लॅपटॉप घ्यायचा ते? या वेळी आधी विचार त्यांना, काय शिकणार आहेत. आणि ते म्हणतील ते ऐक."

फोन ठेवल्यावर आम्ही परत फिरलो. ऊन आता मानेवर लागत होतं. बरंच चालल्यावर अस्मिता म्हणाली, "नुसतं विचारून नाही भागणार. हे सगळं सांगावं लागेल मला तिथे. पूजेचंसुद्धा. माझ्यासारख्या दहा मावश्या बसलेल्या असतात."

"सांग की मग."

"ताई, मी मला ओळखते. उभी राहिले, समोर राजेश दिसला, बाकीचे दिसले, की मी म्हणणार, माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या बाबतीत असं झालं." तिने माझा हात धरला. "माझं एक करा. तुम्ही पुढच्या रांगेत बसा. मी 'एक मुलगी' म्हटलं ना, की तिथल्या तिथे मोठ्याने विचारा, ती तुझी कोण, आणि तिला लॅपटॉप कोणी घेऊन दिला. माझा चेहरा बघून गप्प बसू नका. विचाराल ना?"