दोनला सुटणारा माणूस

अख्ख्या कुवैतमध्ये कॉम्प्युटरवर काम करूनही दुपारचं जेवण घरी, गरम आणि मांडी घालून जेवणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. अब्बासियातल्या आमच्या इमारतीतले वरच्या मजल्यावरचे काका. मूळचे लातूरकडचे, एका सरकारी मिनिस्ट्रीच्या आयटी विभागात नोकरीला. बाकी आम्ही सगळे बँकांतले, खासगी कंपन्यांतले. सकाळी जायचो ते रात्रीच उगवायचो. काका दोनला सुटायचे आणि या गोष्टीचा त्यांना एवढा माज होता, की आमच्यातल्या कुणी नवी गाडी घेतली तरी ते तिच्याभोवती एक चक्कर मारून "चालवायला वेळ कधी मिळतो हो?" एवढंच विचारायचे.

सरकारी नोकरीबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे. बोलायचंच तर ते स्वतः बोलत. पगार वर्षानुवर्षं तिथेच, परदेशी माणसाला बढती नाही, ज्याला हाताला धरून शिकवलं तोच पुढे यांचा मुदीर, म्हणजे साहेब झाला, आणि जे सॉफ्टवेअर ते सांभाळत होते ते आमच्या बँकेने केव्हाच भंगारात काढलं असतं. हे सगळं ते अभिमानाने सांगत. एकदा त्यांचा सर्व्हर भर सकाळी बंद पडला. आमच्याकडे अशा वेळी सगळे साहेब एकाच फोनवर ओरडतात. काकांच्या साहेबाने सगळ्यांसाठी चहा मागवला, चहा येईपर्यंत काकांनी बिघाड शोधला आणि सर्व्हर सुरू झाला म्हणून पुन्हा एकदा चहा झाला. "ओरडल्यानं मशीन सुरू झालेलं मी तर काही बघितलं नाही," असं वर आम्हालाच सुनावलं. मी एकदा चिडून म्हणालो, "काका, अशानं तुमचं ज्ञान गंजून जाईल." तर म्हणाले, "गंजू द्या की. तुम्ही एवढे चकचकीत राहून कुठं पळायलाव?" मी लॅपटॉप उघडला.

खरं सांगायचं तर त्यांच्या त्या रिकाम्या दुपारवर आमची सगळी इमारत जगत होती. तीनच्या सुमाराला शाळेची बस यायची. मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर ओला पंचा टाकून काका फाटकाशी हजर. आमची सगळ्यांची पोरं उतरवून घ्यायचे, वर न्यायचे. काकू वरणभात वाढायच्या, काका गणितं करून घ्यायचे आणि मध्येच पोरांसकट झोपी जायचे. माझी लेक कारलं खाते, हे मला त्यांच्याकडून कळलं.

मग मिनिस्ट्रीने परदेशी लोकांच्या जागी कुवैतचीच मुलं घ्यायला सुरुवात केली आणि काकांचा करार संपवला. नोकरी नाही तर इकामा नाही, आणि इकामा नाही तर या देशात राहणं नाही. काका रागावले नाहीत. "त्यांचा देश, त्यांची पोरं. लातुरात मीबी हेच मागितलं असतं," म्हणाले. राग मलाच आला. मी हट्टाने आमच्या बँकेत त्यांची मुलाखत ठरवली. पगार चांगला होता, जागा जवळजवळ पक्की होती. आमचा मॅनेजर पुण्याचा, त्याने प्रेमाने सांगितलं, "काका, आपल्याकडे घड्याळ बघायचं नसतं. आपण इथे एक कुटुंबच आहोत."

"कुटुंब माझं तीनच्या बसनं उतरतंय," काका म्हणाले आणि उठले.

परतताना गाडीत मी त्यांना हट्टी म्हणालो, अव्यवहारी म्हणालो, शेवटी चक्क विनवण्या केल्या. "तुम्ही गेलात तर कुठली बस आणि कुठली पोरं, काका? इथे राहिलात तर निदान रात्री तरी पोरांना भेटाल." "रात्री पोरं झोपलेली असतात," काका म्हणाले. "तुम्हाला म्हाईत नसंल, पण झोपलेलं लेकरू बघून पोट भरत नाही. जायचंच हाय तर दोनला सुटणारा माणूस म्हणूनच जातो."

आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून फाटकाशी उभा राहिलो. इतकी वर्षं अब्बासियात राहून इथली दुपार मी कधी पाहिलीच नव्हती. बकाल्याचं, म्हणजे किराणा दुकानाचं, शटर अर्धं ओढलेलं, दुकानदार आत पेंगत होता, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काकांची फार आठवण आली. बस आली. लेक उतरली, मला बघून जागीच थांबली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुमचापण जॉब गेला?"

"नाही गं," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला.