राहिलेला रफार

बाई जन्मल्या तेव्हा त्यांचं नाव पार्वती ठेवायचं ठरलं होतं. आईने सुचवलं, वडिलांनी मान डोलावली, शेजारच्या काकूंनी ‘जरा जुनाटच वाटतं’ म्हणून नाक मुरडलं, म्हणजे नाव रीतसर पक्कं झालं. तिसऱ्या दिवशी वडील जन्मनोंदणीच्या कचेरीत जाऊन आले. पुढे दाखला मिळाला, त्यावर नाव होतं पावती. आईला वाचता येत नव्हतं, आणि वडिलांनी दाखला घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. त्यामुळे सहा वर्षं घरात कोणाला काही कळलं नाही.

कळलं ते शाळेत. मास्तरांनी दाखला वाचला, वडिलांकडे पाहिलं, पुन्हा दाखला वाचला.

“ही कसली पावती?”

“माझी मुलगी आहे,” वडील म्हणाले.

मास्तरांनी दाखला त्यांच्यापुढे धरून रफार राहिल्याचं दाखवलं. वडिलांनी तिथल्या तिथे कचेरीतल्या कारकुनाला आंधळा ठरवून टाकलं. बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून बसतो आणि लोकांच्या पोरींची नावं बिघडवतो, म्हणाले. मास्तर म्हणाले, ते खरं असेल, पण दाखल्यावर आहे तेच मी हजेरीत लिहिणार.

वडील सुतार होते. सुतारांतही मापाचे पक्के. त्यांनी बसवलेल्या दाराला कधी रंधा लावावा लागला नाही, आणि ही गोष्ट ते स्वतःच सांगत असल्यामुळे सगळ्या गल्लीला पाठ होती. आपल्या हातून सूतभर इकडचं तिकडे होत नाही, हे त्यांचं पालुपद. अशा माणसाच्या मुलीच्या नावात कारकुनाने खोट काढावी, हे त्यांना आयुष्यभर लागून राहिलं. दूध नासलं तरी कारकुनाचा उद्धार व्हायचा.

“मग जाऊन दुरुस्त करून आणा ना,” आई म्हणायची.

“उद्या जातो.”

तो उद्या काही उजाडला नाही. घरात मात्र ते मुलीला हाक मारताना रफारावर असा जोर द्यायचे, की पलीकडच्या घरातलं मांजर उठून बसायचं.

शाळेत रोज सकाळी हजेरी व्हायची. “पावती?” “हजर.” की मागच्या बाकावरून, “मिळाली.” दहा वर्षं हे चाललं. वर्ग बदलले, पोरं बदलली, विनोद बदलला नाही. सुरुवातीला बाईंना त्या विनोदाचा राग यायचा. पुढेपुढे पोरांच्या आळसाचा यायला लागला. दहा वर्षांत एखाद्याला तरी दुसरं काही सुचायला हवं होतं. वर्गात काच फुटली, शाई सांडली, की त्याची पावती कोणाच्या नावावर फाडायची याचा फार विचार कोणी करत नसे.

लग्नाचं बघायला मुलगा आला तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. कमी बोलायचा.

“नाव काय?”

“पावती.”

“बरं,” तो म्हणाला आणि पाणी प्यायला लागला.

आजवर हे नाव ऐकून नुसतं ‘बरं’ म्हणणारा माणूस बाईंनी पाहिला नव्हता. त्यांनी त्याच दिवशी होकार कळवला. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर वीजजोडणीचा अर्ज भरताना नवऱ्याने तो वाचला आणि म्हणाला, “अगं, यात तुझा रफार राहिलाय.” पंपाच्या घरघरीत उभं राहून त्याचा डावा कान गेला होता, आणि बघायला आला त्या दिवशी बाई त्याच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. आता इतक्या उशिरा भांडण काढण्यात अर्थ नव्हता. दोघांनी मिळून अर्ज पुरा केला.

मुलगी झाली तेव्हा बाईंनी नवऱ्याला कचेरीत पाठवलं नाही, वडिलांना तर नाहीच. स्वतः गेल्या. मुलीसाठी त्यांनी दोन अक्षरांचं नाव शोधलं होतं. वर मात्रा नाही, खाली उकार नाही, पडण्यासारखं किंवा विसरण्यासारखं काही नाही. लिहून झाल्यावर रांगेतल्या तीन अनोळखी माणसांकडून ते मोठ्याने वाचून घेतलं. तिघांनी एकच वाचलं, मग अर्ज आत दिला.

बाई एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे विभागाच्या टेबलावर नोंदणीला होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची, नाव-वय लिहायचं, हात की पाय, डावा की उजवा ते विचारायचं, बांगड्या-घड्याळ-किल्ल्या काढून ठेवायला सांगायचं, आणि दुपारी खाकी पाकिटात घातलेली फिल्म ज्याची त्याला द्यायची. डावा-उजवा त्या दोनदा विचारायच्या. एकदा माणूस दुखऱ्या हाताने बोट दाखवतो, एकदा चांगल्या हाताने; दोन्ही जुळले की लिहायच्या. पंचवीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून चुकीचा पाय आत गेला नाही. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत, आणि सेवापुस्तक कपाटात बंद असल्याने सगळं ठीक चाललं होतं.

मग नवे अधीक्षक आले. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक टेबलावर कर्मचाऱ्याच्या नावाची पाटी हवी. कार्यालयाने सेवापुस्तकं उघडून नावं उतरवली. पाट्या लहान निघाल्या, आडनावं बसेनात, म्हणून फक्त नावं रंगवली. सोमवारी सकाळी बाई कामावर आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर काळ्या पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं : पावती.

दहा वाजेपर्यंत रांग जिन्यापर्यंत गेली.

“पावती द्या,” गळ्यात हात अडकवलेले एक आजोबा म्हणाले.

“पावती पलीकडच्या खिडकीत मिळेल.”

“पाटी तर इथे आहे.”

“ते माझं नाव आहे.”

आजोबांनी पाटी पाहिली, बाईंना पाहिलं. “असेल,” ते म्हणाले. “पण पावती देतं कोण?”

त्यांच्या मागे कुबडी घेतलेली एक बाई उभी होती. तिने तेच विचारलं, तेच उत्तर ऐकलं, आणि म्हणाली, “माझा घोटा मोडलाय हो. चेष्टा कशाला करता?”

तीन दिवस हे चाललं. खरोखर पावत्या देणारा खिडकीतला गृहस्थ माशा मारत बसला. गुरुवारी बाई अधीक्षकांकडे गेल्या. पाटी काढता येणार नाही, नियम सर्वांना सारखा, असं अधीक्षक म्हणाले. पण ते अडून बसणारे नव्हते. अडचण समजून घेऊन त्यांनी दुसरी पाटी करून दिली. आता टेबलावर एका पाटीवर ‘पावती’ होतं आणि शेजारच्या पाटीवर ‘पावती येथे मिळत नाही’.

“तुम्ही इथेच तर बसलाय,” दुपारी फिल्म न्यायला आलेला एकजण म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता.

त्या संध्याकाळी घरी येऊन बाईंनी नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसून सांगितलं, “मी नाव बदलून घेतेय.”

“बरं,” नवरा म्हणाला.

बाईंचं वय तेव्हा बावन्न होतं.

जन्मनोंदणीच्या कचेरीतल्या आताच्या कारकुनाने नियम समजावून सांगितला. चूक कचेरीची असेल तर लगेच दुरुस्ती. चूक अर्जदाराची असेल तर वेगळा फॉर्म आणि जबाब. कोणाची ते मूळ अर्ज काढल्यावर कळेल. वडील हयात असले तर सोबत आणा, कारण तो अर्ज त्यांनी दिलेला.

वडील ऐंशीचे झाले होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. ते अजून घरीच पाट आणि चौरंग करत, आणि मापं अजून बरोबर यायची.

“इतके जुने कागद कुठे राहतात,” ते म्हणाले. “वाळवीने खाल्ले असतील. उद्या बघू.”

“आज रजा काढलीय, बाबा.”

वाटेत त्यांनी वाळवीची गोष्ट आणखी दोनदा काढली. पण कचेरीत कागद सापडले. कारकुनाने फडक्याने धूळ झटकून गठ्ठा सोडला, त्यातला एक पिवळा कागद अलगद काढून टेबलावर ठेवला आणि बाई त्याच्यावर वाकल्या.

‘मुलीचं नाव’ या रकान्यात मोठ्या, टपोऱ्या, एकसारख्या उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं : पावती. रेघ पट्टी लावून मारल्यासारखी सरळ होती. खाली वडिलांची सही होती, त्याच हातची. आणि बाजूच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने, बारीक, तिरक्या अक्षरात कोणीतरी लिहून ठेवलं होतं : ‘नाव असेच का, विचारले. वडील हो म्हणाले.’

कारकुनाने पंखा एकने वाढवला.

“अक्षर कोणाचं, आजोबा?” त्याने विचारलं.

“कारकुनाचं,” वडील म्हणाले.

“आणि सही?”

“सही माझी.”

“दोन्ही एकाच हातचं दिसतंय.”

वडिलांनी कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. “रेघ सरळ आहे,” ते म्हणाले आणि कागद खाली ठेवला. मग खिडकीबाहेर पाहायला लागले. तिथे पाहण्यासारखं सायकलींशिवाय काही नव्हतं.

कारकुनाने दुसरा फॉर्म काढला. “मग असं लिहावं लागेल, की चूक अर्जदाराची. आजोबांचा जबाब घेतो. आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहितो.”

बाईंनी वडिलांच्या मानेकडे पाहिलं. मागून ती फार बारीक झाली होती.

“आजचा अर्जदार कोण?” त्यांनी विचारलं.

“आजचे तुम्ही.”

“मग चूक माझी. लिहा.”

कारकुनाने पेन उचलून धरलं. “बाई, तुम्ही तेव्हा तीन दिवसांच्या होतात.”

“हो. माझं लक्ष नव्हतं.”

कारकून तीस वर्षं जन्ममृत्यूच्या टेबलावर होता. त्याने बाईंकडे पाहिलं, खिडकीकडे तोंड केलेल्या आजोबांकडे पाहिलं, आणि फॉर्ममध्ये लिहिलं : ‘चूक अर्जदाराची. अनवधानाने.’ बाईंनी खाली सही केली. सही करताना नेहमीप्रमाणे रफार दिला नाही, मग कारकुनाने सांगितल्यावर वरून दिला.

बसमध्ये वडील खिडकीशी बसले. तिसऱ्या थांब्याला म्हणाले, “रफार चौथीत असतो.”

“हो.”

“मी तिसरीत सोडली शाळा.”

“हो, बाबा.”

“त्या माणसाने विचारलं होतं मला. असंच का, म्हणाला. मला वाटलं, काहीतरी चुकलंय. पण काय चुकलंय ते कळेना, आणि मागे रांग होती. सगळे माझ्याकडे बघत होते.” मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. “भला माणूस होता बिचारा. मी उगाच पन्नास वर्षं त्याला शिव्या दिल्या.”

“त्याला कुठे ऐकू गेल्या,” बाई म्हणाल्या.

हे वडिलांना पटलेलं दिसलं. उतरताना त्यांनी बाईंचा हात धरला. आजवर ते कोणाचा हात धरून उतरत नसत.

दीड महिन्याने नवा दाखला आला. मग शाळेच्या दाखल्यावर, बँकेत, सेवापुस्तकात नाव बदलायचं काम निघालं. निम्म्या ठिकाणी बदललं, निम्म्या ठिकाणी बदलायचा बाईंना कंटाळा आला. शेवटी पेन्शनच्या कार्यालयाने पार्वती आणि पावती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. तेही त्यांनी करून दिलं. टंकलेखकाने ‘पार्वती ऊर्फ पावती’ टाइप केलं आणि विचारलं, “ऊर्फ राहू दे ना?” बाई म्हणाल्या, राहू दे, त्याने काही दुखत नाही.

इस्पितळात टेबलावर नवी पाटी लागली आणि रांग पुन्हा पलीकडच्या खिडकीकडे गेली. काही दिवसांनी एक म्हाताऱ्या बाई मनगट दाखवायला आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, तोंड पाटीला टेकवून त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं.

“त्या पावतीबाई कुठे गेल्या?”

आपली ओळख करून द्यायला बाईंनी तोंड उघडलं. मागे सतरा माणसं उभी होती.

“बदली झाली त्यांची.”

“अरेरे. स्वभावाने फार चांगल्या होत्या. मागच्या वेळी मला धरून जिन्यापर्यंत आल्या होत्या. नाव तेवढं विचित्र.” म्हातारीने चिठ्ठी पुढे केली. “घरच्यांनी काहीतरी ठेवून दिलं असेल, पोरीचा काय दोष.”

“दोष कोणाचाच नव्हता,” बाई म्हणाल्या.

आपल्यामागे कोणी आपल्याबद्दल बरं बोललेलं ऐकायला माणसाला सहसा मिळत नाही. बाईंनी चिठ्ठी वहीत उतरवली, म्हातारीच्या बांगड्या हळूच काढून रुमालात बांधल्या, रांगेला जरा थांबायला सांगितलं, आणि तिला धरून आतल्या खोलीपर्यंत सोडून आल्या.