सत्यभामाबाईंची भेग

सत्यभामाबाईंना रागावलेलं साऱ्या गावानं पाहिलं होतं. घाबरलेलं पाहिलं ते एकदाच, आणि तेही एका छतापायी.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळातली ही गोष्ट. रोहिणखेडच्या अलीकडे काळ्या मातीच्या पट्ट्यात हे गाव. तिथं मुलींची शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि गावात लग्न निघालं की बंद पडायची. नवऱ्यामागं शेती एकटीनं पाहणाऱ्या या बाईनं त्या शाळेसाठी रस्त्याकडेचा शेताचा तुकडा जिल्हा बोर्डाला देऊ केला. धाकटे दीर पंजाबराव यांना तिथं कापूस ठेवायला कोठा हवा होता. ते चिडले, त्यांच्यामागं भाऊबंद चिडले. शेवटी पंचांसमोर ठरलं, की इमारत धड उभी राहिली तर जागा शाळेची, नाहीतर पंजाबरावांची. बाईंनी जागच्या जागी हो म्हटलं. आपल्याच शब्दात अडकायची त्यांना खोड होती, पण दिलेला शब्द फिरवायची नव्हती.

विटांच्या भिंती उठल्या. वर सिमेंटची स्लॅब, गावातली पहिलीच. ती ऐन चैत्रात ओतली गेली आणि ठेकेदाराची माणसं पाणी मारायचं सोडून जत्रेला गेली! परतली तोवर स्लॅबभर बारीक भेगांचं जाळं. गाव शिडी लावून पाहून आलं.

"फुटली ना वैनी तुमची शाळा," पंजाबराव म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख काही फारसं नव्हतं.

बोर्डाची बांधकामं पाहणारे ओव्हरसियर चिंतामणराव बुलढाण्याहून आले. वर जाऊन त्यांनी भेगा नखानं खरवडल्या, मातीचं आळं करून त्यात पाणी साठवलं आणि खाली येऊन छताकडे बघत निवांत बसले. खाली एक थेंब आला नाही. छताच्या पोटाला मधोमध चीर नव्हती, सळ्यांच्या रेषेत गंजाचा तांबूस डागही नव्हता.

"ही वरवरची आहे," ते म्हणाले. "उन्हाच्या झळांनी वरचा थर आधी सुकला आणि आखडला. खालचा ओलाच होता, तो जागचा हलला नाही. म्हणून वरचा फाटला, तळ्याचा गाळ वाळून फाटतो तसा. भाराची भेग खालून पडते, मधोमध. ती असती तर मीच पाडा म्हणालो असतो."

"मंग आता काय करू, साहेब?"

"अजून आठ-दहा दिवस ओली ठेवा, मग पुरे. आणि पुन्हा कुठं भेग दिसली तर आधी मला दाखवा. लिंपू नका."

'ओली ठेवा' एवढं बाईंनी मनावर घेतलं. 'पुरे' त्यांच्या कानावरून गेलं. तहानेनं फाटलेल्या छताला पाणी किती पाजू न् किती नको, असं त्यांना झालं होतं. वैशाख सरला तरी त्यांचे हंडे शिडीवरून वर जातच होते. शेजारच्या रुखमाबाई हसायच्या, "काऊन व, छताले पेरनी करून राह्यली काय?" पाणी पन्हळीतून मागच्या कोपऱ्यात पडत होतं. तिकडं कोण बघतंय?

ज्येष्ठात एका सकाळी त्याच कोपऱ्याकडच्या खिडकीपासून वरपर्यंत तिरपी चीर गेलेली दिसली. बोट मावेल एवढी. बाई घाबरून शेणाची पाटी आणायला धावल्या. मातीच्या भिंतीला चीर पडली की शेणमातीचा हात फिरवायचा आणि विसरायचं, हे त्यांच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. पाटीत शेणमाती कालवून झाली, हात भिंतीपर्यंत गेलासुद्धा. पंचांच्या नजरेला पडली तर शाळा गेलीच. तरी त्यांनी हात मागं घेतला, पाटी खाली ठेवली आणि बुलढाण्याला निरोप धाडला.

चिंतामणराव आले तेव्हा पंच, पंजाबराव, अर्धं गाव तिथं उभं होतं. त्यांनी भिंत पाहिली आणि मग जमीन. शेतात पाय अडकेल अशा भेगा, आणि या कोपऱ्यात भर ज्येष्ठात हिरवं गवत!

"माती पाणी पिऊन फुगली. तिनं हा कोपरा उचलला, बाकीची भिंत जागेवर राहिली. मग मधे फाटणारच. इथं एवढं पाणी टाकलं कुणी?"

"ठेकेदाराची मान्सं, दुसरं कोन!" रुखमाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती माणसं केव्हाच निघून गेली होती. त्यांच्यावर ढकललं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"ते नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी टाकलं. साहेब पुरे म्हनले होते, मी आयकलं नाही."

कौतुक करावं तर बाईचं इथं करावं. भरल्या गावासमोर, जागेवर टपलेल्या दिरासमोर असं बोलायला छाती लागते.

"मंग झालं. जागा माही," पंजाबराव म्हणाले.

"एक पावसाळा आणि एक उन्हाळा थांबा," चिंतामणराव म्हणाले. त्यांनी पन्हळ दूर वळवली, फुगलेली माती काढून मुरूम ठासला, भिंतीलगत फरशी घातली. मग भेगेवर सिमेंटचा ठिपका दिला. "भिंत हलली तर हा तडकेल."

पंच कबूल झाले. जी बाई आपली चूक लपवत नाही, ती ठिपकाही लपवणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पंजाबराव येता-जाता तो न्याहाळायचे, बाईही न्याहाळायच्या. दोघांची प्रार्थना एकाच देवाला, मागणं मात्र उलटं!

पावसाळा गेला, उन्हाळाही गेला. पंजाबरावांनी पंचांसमोर ठिपक्यावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. अखेर म्हणाले, "धड हाय." माणूस हट्टी खरा, पण खोटा नव्हता.

चिंतामणरावांनी भेग बुजवून घ्यायला गवंड्याला पुढं बोलावलं. सत्यभामाबाई आड आल्या.

"राहू द्या, साहेब. ते माह्या हातची हाय."

चिंतामणरावांनी गवंड्याला हातानंच थांबवलं. मग गवंड्यानं बाकीची भिंत रंगवली आणि तेवढी जागा सोडली.