सिनेमाची मतं माझी नव्हती

माझ्या सिनेमाच्या सगळ्या पोस्ट चोरीच्या आहेत.

त्यातलं एकही मत माझं नाही. सगळी माझ्या सासूबाईंची. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

सकाळी इकडे श्राद्धाचा स्वयंपाक चालू, आणि इनबॉक्समध्ये चार मेसेज. त्या गाजलेल्या मारधाडीच्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय, ट्रेलर आलाय, "ताई, तुमचं मत?"

बघितला ट्रेलर. अडीच मिनिटांत अकरा माणसं मारली. हिरोनं रक्ताळलेल्या हातानं सिगरेट पेटवली. मागे कुणीतरी संस्कृतमध्ये किंचाळतंय.

किळस आली. पण किळस नक्की कशाची आली, ते मला लिहिता येईना.

ते आईंना यायचं. सासूबाईंना मी आईच म्हणायचे.

आई कळवणजवळच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे नाशिक रोडला आल्या. शाळा दुसरीपर्यंत. सिनेमाची आवड जबरदस्त, आणि बघितलेला एकही सिनेमा पसंत पडायचा नाही. तरी पुढच्या रविवारी सकाळच्या शोला सगळ्यात आधी तयार.

थिएटरात त्या मोठमोठ्यानं बोलायच्या. मागचे लोक श्श श्श करायचे. मला लाज वाटायची, मी सीटमध्ये खाली सरकून बसायचे.

आणि परत येताना रिक्षात त्यांचं एकेक वाक्य मोबाईलमध्ये टाईप करून घ्यायचे. त्यांची गावाकडची बोली पुसून शुद्ध मराठी करायची. पोस्ट माझ्या नावानं.

"तीन तासांत एवढं रक्त सांडलं, आणि पुसायला एकही बाई दाखवली नाही."

आठवतंय ना? या पोस्टला जितके लाईक आले तितके माझ्या लग्नाच्या फोटोंनाही आले नव्हते. वाक्य आईंचं.

"हिरो दिवसभर कांदे काढतोय, आणि एकदाही कंबर धरत नाही." आईंचं. आयुष्यभर कांदे काढलेत त्यांनी. मी पिंपळगावला कांदा बघितला तोसुद्धा टेम्पोत भरलेला, बसच्या खिडकीतून.

"वीस माणसं जेवायला बसली, आणि या घराला स्वयंपाकघरच नाही." तेही त्यांचंच.

मग एका वाचनालयानं मला महिला दिनाला बोलावलं. बॅनरवर माझा फोटो आणि खाली 'परखड चित्रपट समीक्षक'.

आईंना सांगितलं, ऑफिसची मीटिंग आहे. माईकवर हीच तीन वाक्यं म्हटली. टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ मिळालं.

घरी येऊन म्हटलं, ऑफिसात सगळ्यांनाच दिली, ही तुम्ही घ्या, थिएटरात एसी लागतो. आईंनी शाल हातात घेऊन उलटसुलट बघितली, "बरी हे" म्हणाल्या. नंतर प्रत्येक सिनेमाला तीच पांघरून यायच्या.

हे लिहिताना स्वतःचीच शिसारी येतेय.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला, म्हणजे सिनेमाही बंद. तेव्हा या मारधाडीच्या सिनेमाचा पहिला भाग लागला होता. आईंनी मला एकटीला पाठवलं. बघून ये आणि मला सांग, म्हणाल्या.

गेले. तीन तास बसले. माणसं कापली जात होती, शेजारचा पॉपकॉर्न खात होता. बाहेर आले, आणि डोक्यात एक वाक्य नव्हतं.

आई पलंगावर उशीला टेकून वाटच बघत होत्या. कसा होता, विचारलं. मी म्हटलं, बरा होता.

"बरा म्हंजी? लोकं इचारतील तर काय लिवशील?"

मी लिहिते हे त्यांना माहीत होतं!

मग त्यांनीच सांगितलं. शेजारच्या नसरीन भाभी दुपारी गप्पा मारायला यायच्या, तेव्हा माझी प्रत्येक पोस्ट आईंना वाचून दाखवायच्या. अगदी पहिल्यापासून.

राग नाही आला? मी विचारलं.

"आला ना. शाल आनली त्या दिवशी लय आला. पर मी बोलले तं लोकं श्श श्श करत्यात. तू लिवलं तं वा वा करत्यात. म्हनलं, कशी का व्हईना, ऐकत्यात तं खरं."

मग म्हणाल्या, "आता एक माझ्या नावानं टाक."

मी म्हटलं, उद्या टाकते.

नाही टाकलं.

रोज टाईप करायचे आणि रोज पुसायचे. लोक काय म्हणतील? वाचनालयवाले काय म्हणतील? दुसरी शिकलेल्या म्हातारीची वाक्यं स्वतःच्या नावावर खपवली म्हणून हसतील. तीन आठवडे हेच चालू होतं. तेवढ्यात आई गेल्या.

तेराव्याला नसरीन भाभी माझा हात धरून रडल्या. शेवटचे दिवस आई रोज दुपारी त्यांना मोबाईल उघडायला लावायच्या. रोज एकच विचारायच्या, "आलं का माझं नाव?"

भाभी म्हणायच्या, "आज नाही आलं, मावशी. उद्या येईल."

हे ऐकूनसुद्धा मला लिहायला आणखी एक वर्ष लागलं. त्या सिनेमांची काय किळस करायची, इथे माझीच करा.

त्यांचं प्रोफाईल नाही, टॅग करता येत नाही. म्हणून पूर्ण नाव लिहिते.

सुभद्राबाई दगाजी देवरे.

माझ्या भिंतीवरची सिनेमाची सगळी मतं यांची आहेत. तुम्ही वा वा केली ती यांना होती.

भाभी, आज आलंय.

आई, नमस्कार करते.