कोणता ‘पहाटतारा’?

माझा धाकटा भाऊ फो थिट मौलम्याइनला ‘पहाटतारा’ या पेपरात बावीस वर्षं छपाईचे खिळे जुळवायचा. मी त्याची थोरली बहीण, पण मी दुसरीतच शाळा सोडली, त्यामुळे घरात शहाणा तोच.

त्याची मुलगी न्वे न्वे नदीपलीकडच्या होडीवाल्याबरोबर निघून गेली, तेव्हा आमच्याकडे चिडलेले आईबाप करतात तेच त्याने केलं. पेपरात जाहीर केलं, की आजपासून ही माझी मुलगी नाही. आणि त्या जाहिरातीचे खिळे जुळवले कोणी? त्यानेच. एकही चुकला नाही, मेल्याचा!

तीन वर्षांनी कळलं, पोरीला दिवस गेलेत आणि तिची तब्येत ठीक नाही. फो थिट माझ्या पायरीवर येऊन बसला.

“अमा, तिला घरी आणायचंय.”

“मग जा की. होडी काय तुझ्या बहिणीने वल्हवायची?”

“असं कसं? गावासमोर काढली, गावासमोरच परत घ्यायला हवी. तेसुद्धा त्याच पेपरात. नाहीतर लोक म्हणतील, बापाने चोरून आणली.”

खरंच होतं. नाकारलेलं लेकरू परत घ्यायचं तर पेपरात तसं छापायचं, ही रीतच आमची.

पण तो पेपर होता कुठे? मालक ऊ सान थॉन्ग यांनी आधी अर्धा पेपर गिरणीवाल्या जावयाला दिला होता. मग सरकारने सगळाच घेतला. नाव रंगूनला नेऊन तिथल्या पेपराला दिलं. बातम्या लिहिणारी माणसं इथल्याच दुसऱ्या सरकारी पेपरात बसवली. यंत्र आणि खिळे गेले मठाजवळच्या छापखान्यात, तिथे आता प्रार्थनेची पुस्तकं निघतात. आणि फो थिट आला घरी.

आधी आम्ही सरकारी पेपरात गेलो. ओळखीचाच कारकून होता.

“काका, माणसं आम्ही तीच, पण पेपर तो नाही. नाव रंगूनला आहे, तिकडे लिहा.”

“रंगूनचा पेपर आमच्या गावात वाचतो कोण?” मी विचारलं. त्याने चहा मागवला.

मग जुन्या मालकांकडे. ते केळीला पाणी घालत होते.

“पेपर माझाच आहे, फो थिट. फक्त माझ्याकडे नाही.”

“म्हणजे जावयांकडे?”

“तो म्हणतो, त्याचाही होता. तूच सांग, आम्ही दोघं कशाचे मालक?”

फो थिट रस्ताभर बोटांवर मोजत आला. नाव, माणसं, मालक, यंत्र. माझंही डोकं गरगरलं. शेवटी मी म्हटलं, “बाबा रे, तिचं बाळंतपण काय सरकारसाठी थांबणार आहे? जे खिळे तुझ्या हाताला ओळखतात, तिकडे चल.”

मठाजवळच्या छापखान्यात त्याने स्वतः चार ओळी जुळवल्या, वर ‘पहाटतारा’ असं नावही घातलं. एकच कागद काढला. ओल्या शाईसकट आम्ही नदी ओलांडली.

न्वे न्वे धक्क्यावर पाय सोडून बसली होती. पाय सुजलेले. तिने कागद दोनदा वाचला.

“अफे, हा कुठला पेपर?”

“ते मलाही नाही कळलं, पोरी. सगळ्यांना विचारून आलो.”

“आणि एकच प्रत? मग गावाने कसं वाचायचं?”

बाप गडबडला. मग धक्क्यावर उभा राहिला आणि घसा ताणून, साऱ्या होडीवाल्यांना ऐकू जाईल असं वाचू लागला: न्वे न्वे यी ही माझी मुलगी आहे. तीच ओळ त्याने पुन्हा वाचली.

“या पेपराचा मालक कोण हो?” एका म्हाताऱ्या होडीवाल्याने विचारलं.

फो थिटने माझ्याकडे पाहिलं. मला काय ठाऊक!

न्वे न्वे तोवर माझा खांदा धरून उठली होती, आणि तिचा नवरा होडीचा दोर सोडत होता.